रेवाचं डोकं

हिंमतरावांची आमदारकीची दुसरी खेप संपत आली होती, तरी करजणकडच्या गावांत त्यांची ओळख एकच होती: गाईवाले. विधानसभेत ते क्वचित बोलत, आणि बोलले की गाईंवरच बोलत. घर बडोद्याला, शहरातल्या वाडी भागात, पण जीव सगळा करजण रस्त्यावरच्या शेतातल्या गोठ्यात. पहाटे स्वतः धार काढायची, मग धोतर बदलायचं, मग लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसायचं. "आमदारकी आज आहे, उद्या नाही, शेण मात्र कायमचं," असं ते म्हणत. ऐकणाऱ्याला बरं वाटे आणि मतंही पडत. माणूस भोळा होता असं मात्र कोणी समजू नये.

तर त्या गुरुवारी सकाळी हा माणूस गोठ्याच्या दारात उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आत रेवा मरून पडली होती. गाय गेली की हिंमतराव लहान मुलासारखे रडत, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. पण आज डोळ्यांत टिपूस नव्हता. ते सारखे मागे वळून शेतातल्या घराकडे बघत होते, कारण त्या घरात त्यांची मुलगी नलिनी झोपली होती.

झालं होतं ते असं. मंगळवारी रेवानं चारा सोडला. तोंडातून लाळ गळत होती, मान पुढे ताणून ती गिळायला बघत होती आणि गिळता येत नव्हतं. गाईंत जन्म काढलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काय आहे? आंब्याचे दिवस, घशात कोय अडकली असणार. अशा वेळी गोठेवाला एकच करतो. जीभ बाजूला ओढतो, हात कोपरापर्यंत आत घालतो आणि जे असेल ते उपसून काढतो. हिंमतरावांनी हात घातला, पण त्यांचा पंजा फावड्याएवढा, तो घशाशीच अडला. मग त्यांनी मुलीला हाक मारली.

नलिनी बाळंतपणासाठी इंदूरहून माहेरी आली होती. सातवा महिना चालू होता. वाडीतल्या घरात उकडतं म्हणून आईला घेऊन शेतावर राहायला आली होती. गाईच्या घशातली कोय काढायचं काम लहानपणापासून तिचंच, कारण घरात सगळ्यांत बारीक हात तिचा.

"नली, बघ गं जरा. माझा हात जात नाही."

ती पदर खोचून आली. "आमदारांच्या लेकीला काय काय करावं लागतं, आबा," असं म्हणत तिनं हात आत घातला, चांगलं चाचपलं, पण काही सापडलं नाही. हात धुताना म्हणाली, "बोट चुरचुरतंय." आदल्या दिवशी कैरी चिरताना विळी लागली होती. बोटाला बांधलेली चिंधी लाळेत कुठे सुटली ते तिलाही कळलं नव्हतं. हिंमतराव म्हणाले, हळद लाव. आणि विषय संपला.

बुधवारी रेवा भलत्याच घोगऱ्या आवाजात हंबरायला लागली. मागचे पाय लुळे पडले. तेव्हा हिंमतरावांनी सरकारी जनावरांचे डॉक्टर मजमुदार यांना जीप पाठवून आणवलं. मजमुदार गुजराती, पण जन्म बडोद्यातला, मराठी आपल्यासारखंच बोलायचे. त्यांनी गाईला हात लावला नाही. लांबूनच बराच वेळ बघत राहिले आणि मग विचारलं, "मधे कधी गोठ्यात कुत्रं शिरलं होतं?"

"शिरलं होतं की. होळीच्या सुमाराला. काठी घेऊन हाकललं."

"हिच्या तोंडात हात कोणी घातला?"

हिंमतरावांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग घराकडे. ज्याला गुजराती लोक हडकवा म्हणतात आणि आपण पिसाळणं म्हणतो, तो रोग कुत्र्याकडून गाईला होतो, आणि गाईच्या लाळेतून माणसाला, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं निराळं आणि आपल्या गोठ्यात असणं निराळं. माणूस मोठा चमत्कारिक आहे. दुसऱ्याच्या घरचा साप त्याला लगेच ओळखता येतो.

ती रात्र त्यांनी नलिनीच्या खोलीबाहेर बसून काढली, आणि सकाळी बघतात तर रेवा गेलेली.

डॉक्टर उजाडताच आले होते. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही आजच इंजेक्शनं सुरू करा. चौदा आहेत, पोटात घेतात, दुखतात, पण तुम्हांला झेपतील. प्रश्न ताईंचा आहे. मी काल मोठ्या दवाखान्यात विचारून आलो. या लशीनं एखाद्याला अर्धांग होतं. क्वचित होतं, पण होतं. सातव्या महिन्याच्या बाईच्या पोटात नुसत्या संशयावरून सुया टोचायला तिथले डॉक्टर तयार नाहीत. गाय पिसाळली होती अशी खात्री झाली, तर मात्र ते एक मिनिट थांबणार नाहीत. कारण हा रोग एकदा उठला की त्यातून कोणी वाचत नाही."

"मग खात्री करा. कशी करतात?"

मजमुदारांनी आधी मेलेल्या रेवाकडे पाहिलं. हिंमतरावांनी पुन्हा विचारलं.

"मेंदू तपासावा लागतो. डोकं कापून, बर्फात घालून, बडोद्याच्या प्रयोगशाळेत न्यायचं. आणि आजच, साहेब. या उन्हाळ्यात दुपार टळली की मेंदूचं पाणी होतं, मग तपासायला काही उरत नाही."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, मेलेल्या गाईचं डोकं कापायचं, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय.

हिंमतरावांच्या घराण्यात मेलेल्या गाईला सुरी लागत नसे. तिला शेतातच अख्खी पुरायची, खड्ड्यात पोतंभर मीठ घालायचं, अंगावर लाल चुनडी पांघरायची. आजूबाजूच्या बाया येत, कपाळाला कुंकू लावत, आणि माणसाच्या तोंडात घालतात तसं नर्मदेचं पाणी आणि तुळशीचं पान तिच्या तोंडात घालत. हा घरचा रिवाज हिंमतरावांनी पुढे चव्हाट्यावर आणला. विधानसभेत उभं राहून त्यांनी ठणकावलं होतं की गाय जिवंतपणी आई असेल, तर मेल्यावर तिचे तुकडे करणारा कोण? पेपरांत फोटो आला. मग गावोगावी शेतकरी तसंच करायला लागले आणि प्रत्येक समाधीला आमदारांना बोलावू लागले. मागची निवडणूक त्यांनी रस्त्यावर आणि विजेवर जिंकली नव्हती, चुनडीवर जिंकली होती.

"दुसरा काही उपाय?" हिंमतरावांनी विचारलं.

"नाही." मजमुदारांनी चष्मा काढून पुसला. ते सरकारी नोकर होते, आणि आमदारापुढे सरकारी नोकर जेवढं बोलतो तेवढं बोलून झालं होतं. तरी ते पुढे बोलले. "मागच्या पावसाळ्यात येसूबाईंची गाय अशीच गेली होती. तेव्हाही मी डोकं मागितलं होतं, साहेब."

येसूबाई म्हणजे शेजारच्या वस्तीतली विधवा, आपल्यातलीच, दोन गाईंवर पोट भरणारी. तिच्या गाईच्या तोंडात तिचा एकुलता एक मुलगा गोविंद यानं हात घातला होता. मजमुदार सुरी घेऊन पोचले, तेव्हा हिंमतराव तिथे चुनडी घेऊन उभे होते. शंभर माणसांसमोर त्यांनी डॉक्टरांना झापलं. "गाय कधी पिसाळते का? गाईला बदनाम करता?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाय अख्खी पुरली गेली. तपासच नाही म्हटल्यावर गोविंदला इंजेक्शनं द्यायचा विषयही कोणी काढला नाही. पुढे पोरगा गेला. कोणी धनुर्वात म्हणालं, कोणी बाहेरची बाधा. शेवटी शेवटी पाण्याचा तांब्या बघून तो किंचाळत असे, हे हिंमतरावांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. माणसाला जे ऐकायचं नसतं ते दोन कानांच्या मधे थांबत नाही.

एवढ्यात दत्ताजीरावांची गाडी आली. हे हिंमतरावांचे चुलतभाऊ, निवडणुकीचा सगळा कारभार यांच्या हातात. पुढच्या आठवड्यात तिकिटं जाहीर व्हायची होती, त्यामुळे रेवा गेल्याचं कळताच त्यांनी पहाटेच कामाला सुरुवात केली होती. मिठाची पोती आली, चुनडी आली, भजनी मंडळ निघालं, आणि एक फोटोग्राफरही सांगून ठेवला. हिंमतरावांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

दत्ताजीरावांचा चेहरा पडला. पण ते मुरलेले होते. "अळीमिळी गुपचिळी," ते म्हणाले. "गोठ्याचं दार लावू. डॉक्टर आत काय करायचं ते करतील. वरून चुनडी घालू, चारही बाजूंनी खोचू. कोणाला कळतंय?"

"बाया कुंकू कुठे लावतील?"

"मग आधी समाधी उरकू. लोक गेले की संध्याकाळी उकरून काढू."

"संध्याकाळी उपयोग नाही," मजमुदार म्हणाले.

"मग नका करू," दत्ताजीराव एकदम आवाज चढवून म्हणाले, आणि लगेच खाली आणून, "दादा, नली मला काय परकी आहे? पण नुसता संशय आहे ना. बोटाला एवढंसं खरचटलेलं. काही होणार नाही तिला. आणि गाईचं डोकं कापतानाचा फोटो एकदा छापून आला की तिकीट तर गेलंच, आयुष्यभर आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही."

हिंमतरावांना तो हलकटपणा वाटला नाही, हीच खरी भीतीची गोष्ट. त्यांना ते पटायला लागलं. काही होणार नाही. बोटाला एवढंसं तर लागलंय. हळद लावलीय. माणूस बुडताना काडी धरतो, आणि हा तर भलामोठा ओंडका होता, भावानं आणून दिलेला. ते म्हणाले, "बघू." आणि 'बघू' म्हणत म्हणत उन्हं वर आली, माणसं जमली, चार गड्यांनी दोरखंड लावून रेवाला गोठ्यातून ओढून खड्ड्याशी आणली, टाळ वाजायला लागले. मजमुदार बर्फाचा डबा घेऊन जीपमध्ये बसून राहिले. हिंमतराव एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा घराकडे.

घराच्या ओट्यावर नलिनी येऊन उभी राहिली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिची आई लीलाबाई तिच्या मागे होत्या. लीलाबाईंना सगळं माहीत होतं. त्या नवऱ्याकडे नुसत्या बघत होत्या.

बायांची रांग लागली. पहिली होती एक तरणी बाई, कडेवर मूल घेतलेली. तिनं रेवाच्या कपाळाला कुंकू लावलं, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि दुसऱ्या हातानं गाईचा जबडा उघडायला वाकली. मूलही वाकून हात पुढे करत होतं. रेवाच्या ओठांवर फेस अजून ओला होता.

"थांब," हिंमतराव ओरडले. "हात लावू नकोस. कोणीच लावू नका."

टाळ थांबले.

पुढचं त्यांनी गुजरातीत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. गाय पिसाळून मेली असावी. माझ्या मुलीनं तिच्या तोंडात हात घातला होता, मीच घालायला लावला होता. खरं काय ते कळायला डोकं कापून तपासायला न्यावं लागेल. ते मी नेणार आहे. भाषण करायची सवय असलेला माणूस, पण वाक्यं तुटत होती.

कोणीतरी मागून म्हणालं, "साहेब, आ तमे बोलो छो?" हे तुम्ही बोलताय? त्यात राग नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं, आणि तेच जास्त लागलं. मग हळूहळू गलका सुरू झाला. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यानं टाळ पिशवीत घातले आणि चालू लागला. दत्ताजीराव फोटोग्राफरचा हात धरून त्याला गाडीकडे ओढत होते, पण तो कशाला येतोय, त्याला असा फोटो जन्मात मिळणार नव्हता.

मजमुदार सुरी, रबरी हातमोजे आणि डबा घेऊन आले. हळूच म्हणाले, "साहेब, मी सरकारी माणूस. एवढ्या लोकांसमोर मी गाईला सुरी लावली, तर मी जिवंत घरी जाणार नाही."

"द्या इकडे," हिंमतराव म्हणाले.

हातमोजे त्यांच्या पंजात जाईनात, तेव्हा त्यांनी हातांना प्लॅस्टिक गुंडाळलं. मजमुदारांनी मानेवरची जागा दाखवली. शिंग धरून मान वळवल्याशिवाय सुरी नीट चालणार नव्हती, आणि शिंग धरायला कोणी नव्हतं. गडी लांब जाऊन उभे राहिले होते. दत्ताजीरावांनी तोंड फिरवलं. हिंमतराव एका हातानं शिंग आणि दुसऱ्या हातानं सुरी असं धडपडत होते, घामानं डोळ्यांपुढे दिसत नव्हतं, आणि मनात एकच चाललं होतं की दुपार होतेय, दुपार होतेय.

तेवढ्यात समोरून कोणीतरी दुसरं शिंग धरलं. गोणपाट गुंडाळलेले दोन हात होते. हिंमतरावांनी वर पाहिलं तर येसूबाई.

"कापा," ती म्हणाली. "मी धरलंय."

त्यांनी कापलं. या गाईला ती वासरू असताना त्यांनी बाटलीनं दूध पाजलं होतं, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. डबा बंद झाला तसा मजमुदारांनी जीप काढली. हिंमतराव डबा मांडीवर घेऊन पुढे बसले आणि करजण रस्ता संपेपर्यंत ड्रायव्हरला जोरात हाण म्हणत राहिले. मागे खड्ड्यापाशी कोण थांबलं आणि कोण गेलं, ते त्यांनी पाहिलं नाही.

प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एका बाकावर ते बसून होते. त्यांना कोणीतरी ओळखलं आणि चहा आणून दिला, तो तसाच निवला. त्यांनी देवाकडे काय मागावं तेही त्यांना ठरवता येईना. गाय पिसाळलेली नसू दे म्हणावं, तर मग आपण हे सगळं उगाच केलं असं होईल. लगेच त्यांना स्वतःचीच शिसारी आली. अजून फोटोचाच विचार करतोय मी, त्यांना वाटलं. होऊ दे उगाच. उगाचच होऊ दे, देवा.

दिवे लागले तेव्हा आतले साहेब बाहेर आले. गाय पिसाळलेलीच होती.

त्याच रात्री नलिनीला पहिलं इंजेक्शन दिलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आता बहुतेक काळजी नाही. 'बहुतेक' हा शब्द हिंमतरावांच्या कानात बसला तो बसला. स्वतःच्या पोटात सुई गेली तेव्हा त्यांना काही वाटलं नाही, पण पडद्यापलीकडे नलिनी कण्हली तेव्हा ते उठून पडद्याशी गेले. नंतर ती म्हणाली, "आबा, बाळ हलतंय," आणि लीलाबाई दोन दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

फोटो व्हायचा तसा छापून आला, आणि त्याखाली व्हायचं ते लिहून आलं. दत्ताजीरावांनी निरोप धाडला की तिकीट दुसऱ्याला जातंय. हिंमतरावांना वाईट वाटायच्या ऐवजी जरा हलकंच वाटलं. आपण काहीतरी गमावलं, म्हणजे थोडंफार तरी फेडलं, असा हिशेब त्यांच्या मनानं कधीच करून ठेवला होता. तो हिशेब घेऊनच ते येसूबाईकडे गेले. जाताना काय बोलायचं ते जुळवत गेले, चुकलो म्हणायचं, पायांवर डोकं ठेवायचं. मोठ्या माणसाला चूक कबूल करायचीसुद्धा हौस असते.

येसूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. "या, बसा," म्हणाली. उठून पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "नलिनी कशी आहे?"

"बरी आहे. सुया दुखतात."

"दुखणारच. बाळ?"

"बाळ ठीक आहे म्हणतात." हिंमतरावांनी तांब्या बाजूला सरकवला. "येसूबाई, त्या दिवशी तुम्ही शिंग धरलंत..."

"ते डोकं तुम्ही नेलंत," तिनं मधेच विचारलं, "ते काय ते कळायला किती वेळ लागला?"

"दुपारी दिलं. दिवेलागणीला कळलं."

येसूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"गाईच्या तोंडात हात घातला, त्यानंतर महिनाभर धडधाकट होता माझा गोविंद," ती म्हणाली. "मामाच्या लग्नाला जाऊन आला. विहिरीत पोहायचा रोज. अख्खा महिना होता हो हातात, हिंमतराव. आणि काम निघालं एका दुपारचं."